ग्रुपवरच्या गप्पा आणि मित्राचं 'छोटंसं काम': कायद्याच्या नजरेत जबाबदार कोण?

'का बे, पुण्याला कोणी जाऊन राहिलं का या आठवड्यात?' नागपुरातल्या शाळूसोबत्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून हा प्रश्न पडतोच. संत्र्याची पेटी किंवा लोणच्याची बरणी पोराकडे पोचवायची असते. त्याखाली कोणीतरी 'मेडिकल'मध्ये ओळख आहे का विचारतो, कोणाला मेयोत रक्त हवं असतं, कोणी बेसा-मनीषनगरकडे भाड्यानं घर शोधतोय. मधूनच 'शुभ सकाळ', दोन वाढदिवस, एक श्रद्धांजली आणि राजकारणावरून एखादी खडाजंगी.

या गप्पांना कोणी गांभीर्यानं घेत नाही आणि घेण्याचं कारणही नसतं. पण हाच ग्रुप गेल्या दहा वर्षांत अनेकदा पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या कागदांवर आला आहे. ग्रुपवर कोणी काही लिहिलं तर ॲडमिनला आत टाकतात का, हा प्रश्न तर प्रत्येक निवडणुकीला आणि सणाला नव्यानं विचारला जातो. या प्रश्नावर देशातला एक महत्त्वाचा निकाल नागपुरातूनच आलेला आहे. मात्र तो निकाल ॲडमिनला सोडवतो. ग्रुपवरच्या बाकीच्यांना, विशेषतः मित्राच्या शब्दाखातर काहीतरी करून बसणाऱ्याला, तो फारसा उपयोगाचा नाही.

गोंदियाचं प्रकरण काय होतं?

२०१६ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात एका महिलेनं तक्रार दिली. ती सदस्य असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या एका सदस्यानं तिच्याविषयी अश्लील भाषा वापरली होती. तक्रारीत ग्रुपच्या ॲडमिनचंही नाव होतं. त्यानं त्या सदस्याला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, उलट हात वर केले, असं तक्रारदाराचं म्हणणं होतं. पोलिसांनी ॲडमिनवरही लैंगिक छळ, विनयभंगाच्या हेतूनं शब्द वापरणं, चिथावणी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लावून आरोपपत्र दाखल केलं.

ॲडमिन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. १ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. कोर्टाचा तर्क समजायला सोपा आहे. ॲडमिनला माणसं घेता येतात, काढता येतात. पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि लिहिण्याआधी थांबवताही येत नाही. दुसऱ्यानं केलेल्या गुन्ह्यासाठी एखाद्याला शिक्षा द्यायची तर तसं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं आणि ॲडमिनविषयी असं कलम कुठेच नाही. दोघांनी मिळून आधी ठरवून हे केलं, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. नुसतं ॲडमिन असणं हा गुन्हा नाही.

या निकालाआधी, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं बदनामीच्या एका दाव्यात अशीच भूमिका घेतली होती. ऑनलाइन ग्रुपच्या ॲडमिनला तिथल्या बदनामीसाठी धरणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुरासाठी कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे, असा त्या कोर्टाचा दाखला होता. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत केरळ उच्च न्यायालयानंही ॲडमिनला दुसऱ्याच्या पोस्टसाठी जबाबदार धरायला नकार दिला. तिथलं प्रकरण तर अधिक गंभीर होतं. ग्रुपवर लहान मुलांचा अश्लील व्हिडिओ टाकला गेला होता.

ॲडमिनसाठी चित्र इतकं स्वच्छ दिसत असलं, तरी तारखांकडे एकदा बघायला हवं. तक्रार २०१६ ची, सुटका २०२१ ची. मधली पाच वर्षं तो माणूस आरोपी होता. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडच्या एका ग्रुपवर धर्मावरून झालेल्या वादाचं तसंच झालं. गुन्हा २०१७ मध्ये दाखल झाला आणि नागपूर खंडपीठानं तो रद्द केला २०२५ च्या जानेवारीत. हे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, ते ग्रुपबाहेरच्या माणसाला वाचता येत नाहीत, मग त्यानं धार्मिक भावना दुखावण्याचा परिणाम कितपत होतो, हा मुद्दा तिथे कोर्टानं विचारात घेतला. कायदा बाजूनं असणं आणि कायद्याच्या फेऱ्यातून सुटणं यांत आपल्याकडे पाच-सात वर्षांचं अंतर सहज पडतं.

ॲडमिनचे अधिकार वाढले, मग निकाल तसाच राहील?

हा प्रश्न अजून कोणत्याही मोठ्या निकालात नीट तपासला गेलेला नाही, पण तो पुढे येणार आहे. नागपूर खंडपीठाचा निर्णय ॲडमिनच्या हातात फारसं काही नसतं, या वस्तुस्थितीवर उभा आहे. ती वस्तुस्थिती बदलते आहे. 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील' ही सोय व्हॉट्सॲपनं २०१८ मध्येच दिली होती. २०२२ मध्ये कोणत्याही सदस्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकार ॲडमिनला मिळाला. त्याच वर्षी ग्रुपची मर्यादा २५६ सदस्यांवरून आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. पाठोपाठ नवीन सदस्याला मंजुरी देण्याची सोयही आली.

म्हणजे मेसेज येण्याआधी थांबवता येत नाही, हे आजही खरं. पण आल्यावर काढता येत नाही, हे आता खरं नाही. एखाद्या बाईविषयी घाणेरडा मेसेज पडला, तिनं ॲडमिनला सांगितलं आणि तरी तो दोन दिवस तसाच ठेवला, तर उद्या कोर्ट काय म्हणेल? फौजदारी कायद्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही, त्यामुळे निकाल लगेच उलटण्याची शक्यता कमी. तरीही 'माझ्या हातात काय होतं?' हा बचाव २०१६ इतका भक्कम राहिलेला नाही.

फॉरवर्ड करणाऱ्याचं काय?

ॲडमिनला मिळालेलं संरक्षण मेसेज लिहिणाऱ्याला नाही, हे उघड आहे. ते फॉरवर्ड करणाऱ्यालाही नाही, हे मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. 'आला तसा पाठवला' हे वाक्य मराठी ग्रुपांवर जवळपास शपथेसारखं वापरलं जातं. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी नेमका हाच बचाव केला होता. २०१८ मध्ये त्यांनी महिला पत्रकारांविषयीची एक अपमानास्पद पोस्ट पुढे ढकलली, नंतर ती काढून माफीही मागितली. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. जो मजकूर पुढे पाठवतो, त्यानं तो मान्य केला असंच धरलं जाईल, हा त्या निकालाचा सूर होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना दिलासा दिला नाही.

त्याच महिन्यात, जुलै २०२३ मध्ये, नागपूर खंडपीठासमोर व्हॉट्सॲप स्टेटसचं प्रकरण होतं. स्टेटस फक्त माझा नंबर सेव्ह असलेल्यांनाच दिसतं, कोणाला दुखवायचा हेतू नव्हता, असं आरोपीचं म्हणणं. न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी ते मानलं नाही. आपल्या ओळखीच्यांनी बघावं म्हणूनच माणूस स्टेटस ठेवतो, तेव्हा ते जबाबदारीनं ठेवायला हवं, असं सांगत त्यांनी गुन्हा कायम ठेवला.

याचा अर्थ प्रत्येक कडवट मताला गुन्हा म्हणता येतं, असा मात्र नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकानं पालक आणि शिक्षक असलेल्या ग्रुपमध्ये राहून, अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा दिवस काळा दिवस असल्याचं स्टेटस ठेवलं होतं. पाकिस्तानच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ रोजी केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे आणि शब्दांचा परिणाम मोजताना चटकन बिथरणाऱ्या माणसाचा नव्हे, सारासार विचार करणाऱ्या माणसाचा निकष लावायचा, असं न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी स्पष्ट केलं.

तिखट मत आणि अफवा यांतला फरक महाराष्ट्रानं फार महागात शिकला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. देशभरातल्या अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. नागपुरात १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात हिंसाचार उसळला, तेव्हाही आंदोलनात जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता, ही अफवा समाजमाध्यमांवरून पसरली होती. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली आणि ती पूर्णपणे उठायला जवळपास आठवडा गेला. अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण मित्रांना सावध करतोय, असंच वाटत असतं.

मदत मागणं कधी गुन्हा ठरतं का?

एप्रिल २०२१ मध्ये नागपूर करोनाच्या दुसऱ्या लाटेत बुडालं होतं. रेमडेसिविरचा तुटवडा इतका होता, की नागपूर खंडपीठानं १९ एप्रिलला राज्य सरकारला त्याच रात्री आठपर्यंत शहराला १० हजार कुप्या देण्याचा आदेश दिला. त्या दिवसांत वाढदिवस आणि विनोदांचे ग्रुप अचानक नियंत्रण कक्ष झाले. कुठे बेड आहे, कोणाकडे सिलिंडर आहे, प्लाझ्मा कोण देईल, डबा कोण पोचवेल. याच ग्रुपांवर चढ्या भावानं इंजेक्शन विकणारेही फिरले आणि गरज संपल्यावरही 'अर्जंट' मेसेज आठवडाभर भटकत राहिले.

ऑक्सिजन किंवा बेड नसल्याची तक्रार समाजमाध्यमावर करणाऱ्यांवर त्या काळात काही राज्यांत कारवाईचे इशारे दिले जात होते. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं. अशी मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई झाली तर तो न्यायालयाचा अवमान मानू, असं न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं बजावलं. ग्रुपवर मदत मागण्याच्या बाजूनं इतका स्पष्ट शब्द क्वचितच दिला गेला असेल.

वैयक्तिक माहितीच्या बाबतीतही कायदा मित्रमंडळींच्या वाटेला फारसा जात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कंपन्या आणि सरकारी यंत्रणांवर बंधनं घालतो, पण व्यक्तीनं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. त्यामुळे रुग्णाचा रिपोर्ट 'कोणी डॉक्टर बघून सांगेल का' म्हणून ग्रुपवर टाकणं हा कायद्याचा भंग ठरत नाही. रुग्णाला ते आवडेल का, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा आहे. एन्क्रिप्शन मेसेजला वाटेत जपतं. चारशे जणांपैकी एकानं स्क्रीनशॉट काढला की संपलं. अर्थात तो स्क्रीनशॉट कोर्टात आपोआप पुरावा होत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावंच लागतं.

खातं वापरायला देणं इतकं धोक्याचं का?

मित्रासाठी केलेल्या कामांपैकी सध्या सगळ्यात जास्त अंगाशी येऊ शकणारं काम बोलण्याचं नाही, बँक खात्याचं आहे. 'माझं खातं बंद पडलंय, तुझ्या खात्यात चाळीस हजार येतील, काढून दे' हा निरोप ओळखीच्या नंबरवरून येतो, म्हणून माणूस हो म्हणतो. कॉलेजातल्या पोरांना यासाठी थोडं कमिशनही कबूल केलं जातं. सायबर चोरांचा पैसा फिरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या खात्यांना 'म्यूल अकाउंट' म्हणतात; म्हणजे ओझं वाहणारं खेचर. रिझर्व्ह बँकेनं अशी खाती शोधण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली विकसित केली आहे.

ही साखळी कशी चालते, ते पाहिलं की धोका कळतो. समजा, दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त माणसाचे पाच लाख गेले. ते काही मिनिटांत एका खात्यातून पाच, पाचांतून वीस खात्यांत वाटले जातात. तो माणूस १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि त्या रकमेचा माग जिथे जिथे जातो, तिथे तिथे पैसे अडकवले जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार पोलिसांना मालमत्ता जप्त करण्याचे अधिकार आहेत. आधी हे कलम १०२ होतं. नागपुरातल्या खातेदाराला हे कळतं ते एटीएममधून पैसे निघत नाहीत तेव्हा. बँक सांगते, अमुक राज्याच्या सायबर पोलिसांशी बोला. केवायसी त्याचं, पासबुक त्याचं, सही त्याची. मित्राचं नाव कागदावर कुठेच नसतं.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेले लोक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण जामीनदाराला निदान रक्कम ठाऊक असते आणि आपण सही कशावर करतोय, हे दिसतं. खातं उसनं देणाऱ्याला दोन्ही ठाऊक नसतं. सिमकार्डचंही तेच. एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे नऊ सिम ठेवता येतात, पण त्यातलं मित्राला वापरायला दिलेलं सिम कुठल्या गुन्ह्यात सापडलं तर पोलीस आधी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारात येतात.

शिवाय निरोप देणारा मित्र खरोखर मित्रच आहे, याचीही खात्री नसते. 'चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठव ना' असं विचारून आधी एका सदस्याचं व्हॉट्सॲप ताब्यात घेतलं जातं आणि मग त्याच्याच नावानं ग्रुपभर पैसे मागितले जातात. लग्नपत्रिकेच्या नावानं येणारी एपीके फाइल हा दुसरा प्रकार. हिंगोलीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्यानं अशी पत्रिका उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमावले. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. यात चोराचं भांडवल एकच, ओळखीचं नाव. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल न उघडणारा माणूसही वर्गमित्राकडची उघडतो. त्यामुळे पैसे मागणाऱ्याला एकदा साधा फोन लावणं, हाच अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० ला कळवलं, तर ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मग पोलीस ॲडमिनला नोटीस का देतात?

२०२१ च्या निकालानंतरही निवडणुका, सण आणि मोठ्या निकालांच्या आधी ॲडमिनना नोटिसा मिळतातच. दखलपात्र गुन्हा घडण्याआधी तो रोखण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. नव्या संहितेत त्यासाठी कलम १६८ आहे, जुन्या कायद्यात ते १४९ होतं. ही नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे आणि तिच्यामुळे ॲडमिन दुसऱ्याच्या मेसेजसाठी आरोपी होत नाही. पण नोटीस मिळाल्याचा कागद पुढे 'याला आधीच सांगितलं होतं' म्हणून दाखवला जाऊ शकतो आणि वाढलेल्या अधिकारांचा मुद्दा तिथे पुन्हा येतो.

व्यवहारात ॲडमिन वाद घालत बसत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येच्या निकालाच्या वेळी राज्यभर असंख्य ग्रुप काही दिवसांसाठी 'ओन्ली ॲडमिन'वर गेले होते. तेव्हापासून ती सवयच झाली आहे. त्या दिवसांत अफवा थांबतात आणि बाकीचंही सगळं थांबतं. मेयोत रक्त हवं असलेल्या माणसाला ते ग्रुपवर लिहिता येत नाही. तो ॲडमिनला फोन करतो, ॲडमिन दुपारी जेवून उठल्यावर मेसेज टाकतो आणि खाली 'मी येतो' असं लिहायची सोय कोणालाच नसते.